कोऱ्या पडद्यावरची निळी रेघ

मित्रांनो, मी मोटरसायकलच्या हँडलवर बसणारा एक जुना जीपीएस आहे. रस्ता दाखवणं हे माझं काम. मोठ्या माणसाच्या तळहातावर मावेन एवढाच मी आहे. अंगावर जाड काळं रबर आहे, त्यामुळे दिसायला दणकट वाटतो. पण खरं सांगतो, मी भित्रा आहे. आणि ज्या दिवसाची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे, त्या दिवशी मी जेवढा घाबरलो तेवढा कधीच घाबरलो नव्हतो.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. आकाशातल्या उपग्रहांचे बारीक संदेश ऐकायला मला तिथे शिकवलं. ते ऐकून आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे मला कळतं. पण कुठे आहोत हे कळणं वेगळं आणि तिथे काय आहे हे कळणं वेगळं. रस्ता, पूल, नदी, गाव हे सगळं मला नकाशातूनच समजतं आणि नकाशा माणसानं माझ्यात भरावा लागतो. तो नसेल तर मी आंधळ्यासारखा.

माझे पहिले मालक पुण्याचे धम्मपाल. त्यांनी मला हंपीला नेलं, कच्छच्या रणात नेलं, कोकणच्या सगळ्या खाड्यांवरून फिरवलं. मित्रांसमोर ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा असताना मी कधी चुकलो नाही." मला फार बरं वाटायचं. तेव्हा मला भीती ठाऊक नव्हती.

मग एकदा ते मला संगणकाला जोडून नवा नकाशा भरत होते आणि मध्येच वीज गेली. माझ्यात अर्धा जुना नकाशा होता, अर्धा नवा, आणि दोन्हींचा मेळ बसेना. मला सुरू केलं की पडद्यावर कंपनीची खूण उमटायची आणि मी पुन्हा बंद पडायचो. उजाडतंय असं वाटावं आणि उजाडूच नये, तसं ते होतं. धम्मपालनी खूप खटपट केली, शेवटी मला टेबलाच्या खणात टाकलं. पुढे कधीतरी सवडीनं त्यांनी माझ्यातलं सगळं पुसून मला पुन्हा उभं केलं, पण तोपर्यंत माझ्या जागेवर त्यांचा फोन बसला होता. त्यांनी मला विकून टाकलं.

तेव्हापासून कुणी मला संगणकाची वायर लावली की माझा थरकाप होतो.

मला विकत घेतलं नाशिकच्या मनालीनं. ती गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. घर मखमलाबादला, सासरचा गुलाब-झेंडूचा मळा आहे. तिचा नवरा ज्ञानेश सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. मोटरसायकलची हौस मात्र दोघांत हिलाच.

पहिल्या रविवारी तिनं मला लॅपटॉपला जोडलं तेव्हा मी डोळे मिटायच्या तयारीत होतो. पण तिनं आधी लॅपटॉपची बॅटरी भरलेली आहे ना ते पाहिलं, मग माझ्यात जे जे होतं त्याची एक प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवली. ज्ञानेश चहाचा कप घेऊन बाजूला येऊन बसला.

"फोन आहे की तुझ्याकडे," तो म्हणाला. "हे जुनं धूड कशाला?"

"डोंगरात रेंज नसते. आणि फोन पावसात भिजला की गेला."

"मग भर काय भरायचं ते. पण लवकर, मला लॅपटॉप लागणार आहे."

माझं पोट लहान आहे, मित्रांनो. नव्या यंत्रांसारखं अख्खा देश मावेल एवढं नाही. मनालीनं परदेशांचे नकाशे पुसले, तरी जागा पुरेना. नकाशाचे चौकोनी तुकडे असतात. हवे तेवढे तुकडे निवडून घ्यायचे. तिनं नाशिक घेतलं, दिंडोरी, वणी, सुरगाणा घेतलं. शेवटी गुजरातच्या हद्दीला लागून असलेला डोंगराचा एक तुकडा उरला.

"तो घेतला तर जागा संपते," ती म्हणाली.

"तिकडं कुठं जायचंय आपल्याला?" ज्ञानेश म्हणाला.

तिनं तो तुकडा सोडून दिला. नकाशा किती भरला ते दाखवणारी पडद्यावरची पांढरी पट्टी रेंगाळत पूर्ण भरेपर्यंत ती माझ्याजवळून हलली नाही, वायरीला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. मी नीट जागा झालो. मनाली हसली. पण माझ्या पश्चिमेच्या कडेला काहीच नव्हतं, आणि ते मला सारखं जाणवत होतं.

मनालीच्या सासऱ्यांचं नाव सावळीराम. ती त्यांना मामा म्हणते. त्यांच्या मळ्यात बहिरू नावाचे एक गृहस्थ कितीतरी वर्षं कामाला होते. पाठ धरली म्हणून ते आपल्या पाड्यावर परत गेले. तो पाडा सुरगाण्याच्याही पुढे, डोंगरात. ऐन पावसाळ्यात त्यांचा निरोप आला की नवं घर बांधलंय, एकदा येऊन जा. मामांना जायचंच होतं. ज्ञानेशला रजा मिळेना, आणि एसटी सुरगाण्याच्या पुढे त्यांना सोयीची नव्हती.

"मी नेते तुम्हाला, मामा," मनाली म्हणाली.

मामा गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "सून गाडी चालवती आन सासरा मागं बसलाय. लोकं काय म्हनतील?"

"हेल्मेट घातल्यावर ओळखतंय कोण?"

मामांनी ओट्यावरच हेल्मेट चढवलं आणि गाव मागे पडेपर्यंत काच वर केली नाही. मनालीच्या खांद्याला धरायचं सोडून ते मागची लोखंडी दांडी घट्ट धरून बसले होते.

दिंडोरी झालं, वणी झालं. पाऊस भुरभुरत होता. मी एकेक वळण आधी सांगत होतो आणि मनाली त्याप्रमाणे वळत होती. सुरगाणा मागे पडलं, रस्ता अरुंद झाला, आणि एका चढावर माझा नकाशा संपला.

कसं सांगू तुम्हाला? कात्रीनं कापल्यासारखे रस्ते, ओढे, गावांची नावं एकदम थांबली. पुढे कोरा पडदा. त्या कोरेपणात एक छोटा त्रिकोण, म्हणजे आम्ही तिघं. आम्ही पुढे सरकत होतो आणि आमच्या चाकांखाली रस्ता आहे की दरी, हे मला माहीत नव्हतं.

मनालीनं गाडी बाजूला घेतली. "हा तोच तुकडा," ती स्वतःशी म्हणाली. "मी घेतलाच नाही."

"मंग फिरायचं का माघारी?" मामांनी विचारलं.

"नको. बहिरूकाकांनी रस्ता सांगितलाय फोनवर." तिनं माझी एक सोय सुरू केली. आपण जिथून जाऊ, तिथे मागे निळी रेघ उमटत जाते. "पुढचं दिसलं नाही तरी मागचं दिसेल," ती म्हणाली.

त्या रेघेनं मला थोडा धीर आला. तिच्या टोकाला लटकल्यासारखा मी बहिरूंच्या पाड्यापर्यंत पोचलो.

बहिरू आणि मामा भेटले तेव्हा दोघं एकमेकांचे हात धरून उभे राहिले. जेवणं झाली, घर बघून झालं. मग बहिरू आभाळाकडे बघून म्हणाले, "दादा, ऱ्हायला असता तर बरं झालं असतं. जायचंच तर आता निंघा. धुकं उतरलं का काय दिसत नाय."

आम्ही निघालो. पण पाड्याखालच्या फरशी पुलावरून गढूळ पाणी धावत होतं. जाताना तिथे घोट्याएवढंही नव्हतं. शेळ्या घेऊन उभ्या असलेल्या एका माणसानं सांगितलं की वरच्या अंगाला जंगलातून वाट आहे, ती उंच पुलावर निघते. मनालीनं गाडी तिकडे वळवली.

ती वाट म्हणजे लाकडं ओढून ओढून पडलेली चाकोरी होती. दोन्हीकडे साग. थोडं आत गेल्यावर धुकं उतरलं ते असं, की गाडीचा दिवा आमच्याच अंगावर परत येत होता. वाटेला फाटे फुटत होते. मनाली अंदाजानं एकेक फाटा निवडत होती आणि माझ्या पडद्यावर पांढऱ्या कोरेपणात निळी रेघ वाकडी होत चालली होती. आता थांबावं असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मला फक्त डावीकडे वळा, उजवीकडे वळा एवढंच येतं, आणि तेही नकाशा असेल तरच.

चिखलात मागचं चाक घसरलं. गाडी आडवी झाली आणि वाटेकडेच्या घळीत गेली.

सगळं थांबलं तेव्हा मनाली गुडघ्यांवर उभी राहिली. तिनं जीव खाऊन गाडी उचलून बाजूला लोटली. मामांचा पाय गाडीखाली सापडला होता.

"मामा, उठता येतंय का?"

"पाय हालत नाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

फोनला रेंज नव्हती. गाडी सुरू होईना. गाडीच्या बॅटरीवरून मला वीज देणारी वायर मुळापासून तुटली होती, आणि मी माझ्या स्वतःच्या जुन्या, थकलेल्या बॅटरीवर आलो होतो. मनालीनं मला हँडलवरून उपसून हातात घेतलं.

तिनं मामांना कसंबसं एका सागाला टेकवून बसवलं, स्वतःचा रेनकोट त्यांच्या अंगावर टाकला.

"मी बहिरूकाकांना घेऊन येते."

मामांनी तिचा हात धरला. ज्यांनी अख्ख्या रस्त्यात तिच्या खांद्याला हात लावला नव्हता, त्यांनी. "मला हितं एकट्याला टाकून जाऊ नको."

मनाली त्यांच्याजवळ बसली. मला तिनं त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "ही निळी रेघ बघा. हिच्यावरून आपण आलो. हिच्यावरून मी पाड्यावर जाईन आणि हिच्यावरूनच तुमच्याकडे परत येईन. आणि हा झेंडा लावला बघा. हे तुम्ही."

मामा माझ्याकडे बघत राहिले. "ह्याचा भरवसा हाय का?"

"आहे," मनाली म्हणाली.

मित्रांनो, त्या शब्दानं मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या कोऱ्या पडद्यानंही वाटली नव्हती. कारण माझ्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण तेव्हाच पिवळी झाली होती आणि ते तिलाही दिसत होतं.

तिनं जेवणाच्या डब्याचं झाकण आणि एक दगड मामांच्या हाती दिला. "अधूनमधून वाजवत राहा." आणि ती निघाली.

हातात धरून मला कुणी असं पायी नेलं नव्हतं. तिनं माझा उजेड अगदी मंद केला, आवाज बंद केला. रेघ सोडून दोन पावलं बाजूला पडली तरी ती थांबायची आणि परत रेघेवर यायची. सुरुवातीला मागून झाकणाचा आवाज येत होता. मग तो यायचा थांबला. तो दूर राहिला म्हणून, की मामांनी वाजवणं सोडलं म्हणून, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. मनालीनं मागे वळून पाहिलं, तिथे नुसतं पांढरं होतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा ती बोलू शकत नव्हती, एवढा तिला दम लागला होता. बहिरूंनी हाका मारून चार माणसं जमवली. दोन वासे, घोंगडी, दोर घेतला.

"ताई, कोनत्या वाटंनं गेला व्हता?" बहिरूंनी विचारलं. "लाकडं वढायच्या वाटा लय हायत तिकडं. समद्या सारख्या दिसत्यात, त्यात हे धुकं."

"मला नाही सांगता येणार," मनाली म्हणाली. "पण याला माहीत आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी बॅटरीची खूण आता लाल होती. पाड्यावर दुपारपासून वीज नव्हती. बहिरूंच्या घरातला कुठलाच चार्जर मला बसला नसता.

मनालीनं विचार केला आणि ती म्हणाली, "जंगलाच्या तोंडापर्यंतची वाट तुम्हाला ठाऊक आहे ना, काका? तिथपर्यंत मी हे बंद ठेवते."

बंद. मित्रांनो, मला तो जुना खण आठवला. माझी बॅटरी म्हातारी, हवा गार. एवढ्याशा ताकदीवर बंद केलेलं यंत्र पुन्हा उठतंच असं नाही. मी कंपनीच्या खुणेपाशी अडकून मेलो तर? तिकडे सागाखाली बसलेल्या म्हाताऱ्याचा पत्ता माझ्याखेरीज जगात कुणालाच ठाऊक नव्हता. मला तिला सांगायचं होतं की नको, मला जागाच राहू दे. पण तिचा अंगठा बटणावर दाबला गेला आणि सगळं काळं झालं.

मी उठलो तेव्हा पडद्यावर ती खूण होती. ती हलेना. माझ्याभोवती ओल्या घोंगड्यांचा वास आणि श्वासांचा आवाज होता. मग खूण गेली, कोरा पडदा आला, निळी रेघ आली, झेंडा आला. पण आमचा त्रिकोण कुठेच नव्हता. सागांच्या पानांआडून उपग्रह मला ऐकू येत नव्हते.

"ताई, अंधार पडाया लागला," कुणीतरी म्हणालं. "सकाळी बघू का?"

"नाही," मनाली म्हणाली. तिनं मला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर, जेवढं उंच धरता येईल तेवढं धरलं. मी आकाशाकडे कान लावला. एक उपग्रह ऐकू आला. मग दुसरा. तिचे हात भरून आले असतील, पण तिनं ते खाली घेतले नाहीत. शेवटी त्रिकोण उमटला, पण रेघेवर नाही, रेघेच्या बराच डावीकडे. धुक्यात आम्ही भलत्याच वाटेनं जंगलात शिरलो होतो.

"उजवीकडे," ती म्हणाली आणि काट्याकुट्यांतून सरळ चालायला लागली. माणसं तिच्यामागून निघाली. त्रिकोण रेघेला चिकटला. रेघेवरून आम्ही झेंड्याकडे सरकत गेलो. थोडंच राहिलं होतं. आणि तिथेच माझी ताकद संपली. शेवटी मला दिसला तो मनालीचा चेहरा, आणि तो इतका घाबरलेला होता की माझी स्वतःची भीती मी विसरलो.

त्यापुढचं मला काही माहीत नाही.

पुन्हा जाग आली तेव्हा मला संगणकाची वायर लावलेली होती आणि माझ्या पोटात नवी बॅटरी होती. नेहमीप्रमाणे माझा थरकाप झाला. पण या वेळी कारण वेगळं होतं. मला एकच जाणून घ्यायचं होतं आणि मला विचारता येत नव्हतं.

"उठला का त्यो?" माझ्या शेजारून आवाज आला.

मामांचा पाय प्लास्टरमध्ये होता, स्टुलावर उशी ठेवून त्यावर लांब केलेला. ते मनालीच्या खुर्चीशेजारी खुर्ची लावून बसले होते. मित्रांनो, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी आलं असतं.

मनाली माझ्यातली जागा मोकळी करत होती. जुन्या रेघा एकेक उघडून पुसत होती. मग तिनं ती एक रेघ उघडली. मामा पुढे वाकले आणि त्यांनी बोट ठेवलं.

"हा झेंडा म्हंजी मी?"

"हो."

"आन ही रेघ माझ्यापत्तुर आलीच नाय. मधीच तुटलीय."

"तिथं हे बंद पडलं," मनाली म्हणाली. "मग मी तुम्हाला हाका मारल्या. मामा, मामा म्हणून. सगळेच मारत होते. तुम्ही झाकण का नाही वाजवलं?"

मामांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. "हात गार पडले व्हते. आन आवाज आयकू येत व्हते, पन वाटलं भास हाय. मघापासून तसलेच भास व्हत व्हते. म्हनलं, आता आपलं काय खरं नाय." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मंग कुनीतरी नावानं हाक मारली. सावळीराम, सावळीराम. बाईचा आवाज. आमच्या घरात बाईमानसानं मला कदी नावानं हाक मारली नाय. भासात बी नसती मारली. म्हनलं, हे खरं हाय. तवा उचलला दगड."

मनालीनं मान खाली घातली. "मला दुसरं काही सुचलं नाही, मामा. मी फार घाबरले होते."

"ज्ञानेशला मी ते सांगितलं नाय," मामा म्हणाले. "तू बी सांगू नको. त्याला समजायचं नाय."

दोघं हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं ती रेघ पुसली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं तुमच्याही घरात असतील. घराबाहेर नेण्याआधी त्यांची बॅटरी बघा, वायर ओढून बघा. नकाशा भरत असाल तर तो पुरता भरेपर्यंत तिथेच बसा, आणि जायचं आहे त्याच्या पलीकडचाही थोडा प्रदेश बरोबर असू द्या. आमच्यावर कुणाचा जीव कधी येऊन पडेल हे आम्हाला ठाऊक नसतं, आणि आम्हाला नाही म्हणता येत नाही.

मी अजून घाबरतो. बटण दाबलं आणि पडद्यावर ती खूण आली की वाटतं, या वेळी हलणार नाही. पण मामांचा पाय बरा झालाय. आता ते ओट्यावरून हेल्मेट न घालताच खाली येतात, मागे बसतात आणि एक हात मनालीच्या खांद्यावर ठेवून विचारतात, "उठला का त्यो?"

मनाली माझ्याकडे बघते. खूण जाते, रस्ते उमटतात.

"उठला, मामा," ती म्हणते, आणि आम्ही निघतो.